लाल गोळी आणि पिवळी सलाईन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी एक सून दीड महिना मुंबईला राहून लोहाऱ्याला परत आली. सोबत तिची अडीच वर्षांची लेक. डोक्यावर एक केस नाही, मानेच्या वर टाक्यांची उभी खूण, हातापायांच्या काड्या झालेल्या. मी भेटायला गेले तर लेकरू ओट्यावर बसून ताटलीतला दहीभात एकेक शीत वेचून खात होतं आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होतं. तिची आई मात्र माझ्या गळ्यात पडून जी रडायला लागली, ती थांबेचना.

पोरीला उन्हाळ्यापासून सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची. मग दिवसभर बरी असायची. कुणी म्हणालं जंत झालेत, कुणी म्हणालं नजर लागली. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. एका डॉक्टरांनी उलटीचं औषध दिलं, तेही महिनाभर चाललं. पुढे पोर चालताना एका अंगाला झोकांड्या खायला लागली तेव्हा घरातले घाबरले. सोलापूरला स्कॅन झालं आणि लहान मेंदूत गाठ निघाली. कॅन्सर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी बार्शी आठवते, पण हे लेकराच्या मेंदूचं काम. तिथून थेट मुंबई, परळ. ऑपरेशन करून गाठ काढली आणि केमोथेरपी सुरू झाली.

खरं तर अशा वेळी दुसऱ्याला काय धीर द्यावा हेच कळत नाही. मी योजनेचे कागद, रेशनकार्डाची झेरॉक्स, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची सोय, असलंच काहीबाही बोलत राहिले. बचत गट आणि दवाखान्याची कागदपत्रं यातच माझी दहा-बारा वर्षं गेली, तेवढंच मला येतं. तिने ते ऐकून घेतलं आणि उशाखालून एक शंभर पानी वही काढली. दहावी झालेली पोर ती, पण काय नेटकी वही! तारीख, औषधाचं नाव, किती वाजता सुरू झालं, किती वाजता संपलं, लघवी किती झाली. सिस्टरना विचारून विचारून नावं मराठीत लिहिलेली. एका नावापुढे लिहिलं होतं, पिवळी सलाईन. ते नाव मिथोट्रेक्सेट. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दर सहा तासांनी दुसरंच एक इंजेक्शन, ल्युकोव्होरिन.

आणि मग तिने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी बहुधा ती माझीच वाट बघत होती. शेजारच्या खाटेवर आठ वर्षांचा मुलगा होता, त्यालाही तसलीच गाठ. त्याला लाईट दिला, म्हणजे रेडिएशन. माझ्या लेकीला मात्र दिला नाही, नुसत्या सलाईनवर ठेवलं. काकू, आम्ही योजनेतून गेलो म्हणून, गरीब म्हणून तर नसेल ना कमी केलं?

मला उत्तर माहीत नव्हतं. मी बी.ए. झालेली बाई, इतिहास घेऊन. पण तो प्रश्न घरी घेऊन आले आणि रात्री झोप लागेना. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं मागवली, मुलाला कॉम्प्युटरवर शोधायला बसवलं. उत्तर मिळालंच, पण ते शोधताना एक माणूस भेटला. तो जाऊनही पाऊणशे वर्षं उलटली आहेत. मैत्रिणींनो, आधी त्या माणसाची ओळख करून देते. उत्तर त्याच्या आयुष्यातच आहे.

त्यांचं नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १२ जानेवारी १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. त्या वेळी तो सगळा मुलूख मद्रास इलाख्यात होता. वडील महसूल खात्यात साध्या नोकरीला, तेही आजारपणामुळे लवकर घरी बसलेले. खाणारी तोंडं बरीच. सुब्बाराव तेरा वर्षांचे असताना घरातून पळाले. कशाला, तर काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचं! वाटेतच सापडले आणि घरी आणले गेले. आई व्यंकम्मा मोठी करडी बाई. पोराला परत शाळेत बसवलं. पोरगा मॅट्रिकला दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला. मधल्या काळात वडील वारले. फीसाठी आईने अंगावरचं सोनं विकलं. पोराच्या इंजिनीअरिंगसाठी पाटल्या मोडलेल्या बायका मी आपल्याकडेही बघितल्या आहेत, त्यामुळे इथे मला काही नवल वाटलं नाही. दोनदा नापास झालेल्या पोरासाठी मोडणारी मात्र थोडीच.

पुढे त्यांच्या डोक्यात संन्यास घ्यायचं आलं. रामकृष्ण मिशनकडे ओढा होता. आईने साफ नकार दिला. मिशनच्या मंडळींनीही सुचवलं की डॉक्टर हो, तीही सेवाच आहे. मग मद्रासचं मेडिकल कॉलेज. त्याच्या खर्चाला सासऱ्यांनी हातभार लावला. बायकोचं नाव शेषगिरी. हे नाव लक्षात ठेवा.

कॉलेजात असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी ऑपरेशनच्या वेळी घालायचा कोटसुद्धा खादीचा शिवून घेतला. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचलं नाही. शेवटी सगळा अभ्यास करूनही एम.बी.बी.एस.ची पूर्ण पदवी त्यांच्या हाती पडली नाही. एल.एम.एस. या खालच्या दर्जाच्या प्रमाणपत्रावर भागवावं लागलं. मग इंग्रजी दवाखान्यात नोकरी कशी मिळणार? मद्रासच्या आयुर्वेद कॉलेजात ते शिकवायला लागले.

याच सुमारास घरावर घाला आला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. आजार एकच, संग्रहणी. आपल्या जुन्या बायकांना हा शब्द माहीत असेल. खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, जीभ सोलून निघते आणि रक्त आटत आटत माणूस पांढराफटक होऊन जातो. सुब्बारावांनाही तोच आजार झाला होता. आयुर्वेदाच्या औषधाने ते वाचले, भाऊ वाचले नाहीत. डॉक्टर असून घरातली दोन माणसं हातातून जातात आणि कशाने गेली हेही सांगता येत नाही, हे त्यांना फार लागलं. अमेरिकेत जाऊन शिकायचं त्यांनी मनावर घेतलं.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सासऱ्यांची आणि धर्मादाय संस्थेची मदत घेऊन ते बोस्टनला निघाले. शेषगिरी तेव्हा गरोदर होती. काही वर्षांत शिकून परत येणार होते.

ते कधीच परत आले नाहीत.

ते गेल्यावर जन्मलेला मुलगा वर्षाच्या आतच वारला. बापाने त्याचं तोंडही पाहिलं नाही. नवरा-बायकोची पुन्हा भेट झाली नाही. मी वाचताना या जागी थांबले आणि पुस्तक मिटून ठेवलं. चांगला आठवडाभर परत उघडलं नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रात हे वाक्य नेहमी एका ओळीत येऊन जातं. त्या ओळीच्या मागे एक बाई पंचवीस वर्षं पोस्टमनची वाट बघत असते. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेला नवरा सहा महिने आला नाही तरी बाईच्या जिवाची काय तगमग होते ते मी दर वर्षी बघते. सुब्बारावांचं मला पुढे कौतुक करायचं आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

बोस्टनमध्ये हातात पैसा नाही. हिंदुस्थानातल्या प्रमाणपत्रावर डॉक्टरकी करता येईना. मग त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळीला हमालाचं काम धरलं. रोग्यांची भांडी उचलायची, धुवायची. दिवसा हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण. तिथेच सायरस फिस्के नावाच्या प्राध्यापकांबरोबर ते काम करू लागले. रक्त-लघवीतलं फॉस्फरस मोजायची दोघांची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली. आपले स्नायू ज्या पदार्थांतून शक्ती घेतात, त्यांपैकी फॉस्फोक्रिएटिन आणि ए.टी.पी. हे दोन त्यांनी शोधले. आज अकरावीच्या जीवशास्त्रात पोरं ए.टी.पी. पाठ करतात. त्यामागे रात्री भांडी धुणारा आपला एक माणूस होता हे कितीजणांना माहीत असतं? हार्वर्डने त्यांना पीएच.डी. दिली, १९३० मध्ये, पण कायमची जागा दिली नाही. शेवटी १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर गावात लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि पुढे संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

आता जरा मुंबईला येऊ या, परळलाच. आमच्या गल्लीतली पोर ज्या भागात दीड महिना राहिली, तिथेच हाफकिन संस्था आहे. १९२८ साली तिथे लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण आली. गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्या पडत आणि बाळंतपणात मरत, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. त्यांचं रक्त तिने तपासलं, त्या काय खातात ते बघितलं. पोट भरण्यापुरता भात, भाजीपाला नावाला. रक्त कमी तर होतंच, पण ज्या पेशी होत्या त्या नको तेवढ्या मोठ्या आणि कच्च्या होत्या. बऱ्याच प्रयोगांनंतर तिला उपाय सापडला तो यीस्टच्या अर्कात, म्हणजे पावाचं पीठ फुगवायला जे वापरतात त्याच्या अर्कात. तो खाऊन बायका सुधारायला लागल्या. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे हे तिने दाखवून दिलं. परळच्या या कष्टकरी बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पुढचं सगळं त्यांच्या रक्तापासून सुरू झालं.

१९४१ मध्ये अमेरिकेत तोच पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. पानावरून नाव पडलं, फॉलिक ॲसिड. पण टनभर पालक आणून चिमूटभर औषध मिळणार असेल तर ते गरिबाच्या तोंडात कधी पडायचं? सुब्बारावांनी आपल्या विभागातली माणसं त्यामागे लावली आणि १९४५ च्या सुमारास त्यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. हवं तेवढं बनवता येईल असं. त्यानंतर थोड्याच दिवसांत दिसून आलं की संग्रहणीच्या रोग्यांनाही त्याने गुण येतो. दोन भावांच्या मरणावरचं औषध वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्याच हातून तयार झालं!

मैत्रिणींनो, हेच ते फॉलिक ॲसिड. आशाताई गरोदरपणात घरी आणून देतात त्या लाल गोळीत लोहाबरोबर हेच असतं. किती जणी ती गोळी चुलीत टाकतात, मळमळतं म्हणून उशाखाली ठेवतात, ते मला चांगलं माहीत आहे. मीही पहिल्या खेपेला लपवल्या होत्या. पोटातल्या बाळाचा मेंदू आणि कणा नीट घडायलाही हेच लागतं, आणि तेही अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत, बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी.

कारण असं की शरीरातली कुठलीही पेशी एकाची दोन व्हायची असेल तर तिला फॉलिक ॲसिड लागतं. रक्त तयार व्हायला लागतं, बाळ वाढायला लागतं. आणि कॅन्सर म्हणजे तरी काय, न थांबता एकाच्या दोन, दोनाच्या चार होत राहणाऱ्या पेशी. त्यांनाही तेच लागतं.

बोस्टनला लहान मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. रक्ताचा कॅन्सर झालेली मुलं त्या काळी थोड्या महिन्यांतच जात. औषधच नव्हतं. फार्बरनी आधी या मुलांना सुब्बारावांकडून आलेली फॉलिक ॲसिडसारखी औषधं देऊन बघितली. उलट झालं. आजार जोरातच वाढल्यासारखा वाटला. दुसरा कुणी घाबरून गप्प बसला असता. या दोघांनी त्यातून उलटा अर्थ काढला. हे दिल्याने वाढतं ना, मग हे अडवलं तर?

सुब्बारावांच्या विभागाने फॉलिक ॲसिडच्या नकला तयार केल्या. दिसायला तशाच, काम मात्र न करणाऱ्या. कुलपात खोटी किल्ली घालून मोडून ठेवली की खरी किल्लीही आत जात नाही, तसं हे. पेशी खोटी किल्ली आत घेते आणि मग तिला पुढे वाढताच येत नाही. यातली एक नक्कल अमिनोप्टेरिन. १९४७ च्या अखेरीला फार्बरनी ती मुलांना द्यायला सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी सोळा मुलांची हकिगत छापली. त्यांतल्या दहा जणांना गुण आला होता. अंथरुणाला खिळलेली मुलं उठून चालायला लागली. काही महिन्यांनी आजार परत आला, हेही खरं. पण औषधाने कॅन्सर मागे हटतो हे लहान मुलांच्या रक्तात पहिल्यांदाच दिसलं. अमिनोप्टेरिनचंच जरा सोसवणारं भावंड म्हणजे मिथोट्रेक्सेट. वहीतली पिवळी सलाईन!

केस का जातात, तोंड का सोलतं, रक्त का कमी होतं, हेही यावरूनच कळतं. केसांची मुळं, तोंडातलं अस्तर, हाडातलं रक्त बनवणारं मगज, हेही सगळं भराभर वाढणारं. खोट्या किल्लीला आपलं-परकं कळत नाही.

पुढे १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ली आणि हर्ट्झ या डॉक्टरांनी याच मिथोट्रेक्सेटने वारेच्या पेशींपासून होणारा बायकांचा कॅन्सर पूर्ण बरा करून दाखवला. शरीरात पसरलेली गाठ नुसत्या औषधाने बरी होण्याचं ते पहिलंच उदाहरण होतं. सुब्बाराव मात्र ते बघायला नव्हते.

बाकी त्यांची कामं किती सांगू! हत्तीरोगावरचं औषध त्यांच्याच विभागातून आलं. आपल्या राज्यातही अनेक जिल्ह्यांत त्याच्या गोळ्या घरोघर वाटल्या गेल्या. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं पहिलं औषधही त्यांच्याच हाताखाली सापडलं. नाव पुढे करायची त्यांना मुळीच हौस नव्हती. शोध सहकाऱ्यांच्या नावावर जाऊ द्यायचे आणि आपण मागे राहायचे. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. आणि घरीही आले नाहीत.

आता आमच्या गल्लीतल्या पोरीचं. लहान मेंदूतल्या या गाठीवर पहिला उपचार ऑपरेशनच. मागे राहिलेल्या बारीक पेशी मेंदूभर आणि पाठीच्या कण्यात पसरलेल्या असू शकतात, म्हणून मोठ्या मुलांना डोक्यापासून कण्यापर्यंत रेडिएशन देतात. ते कामही चांगलं करतं. पण तीन वर्षांच्या आतलं लेकरू म्हणजे त्याचा मेंदू अजून घडतोच आहे. तिथे रेडिएशन दिलं तर गाठ जाईल, पण पोराचं शिकणं, आठवणीत राहणं, उंची वाढणं या सगळ्यावर त्याचा घाव राहतो. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन वर्षांखालच्या मुलांत ऑपरेशननंतर केमोथेरपी देऊन रेडिएशन पुढे ढकलायला सुरुवात केली. १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. काही मुलांत ढकलता ढकलता रेडिएशनची गरजच पडली नाही.

अडचण एकच होती. मेंदूला निसर्गाने कडक राखण दिलेली आहे. रक्तातली बरीच औषधं मेंदूत शिरतच नाहीत. मग मिथोट्रेक्सेट खूप मोठ्या मात्रेत देतात, म्हणजे त्यातलं थोडं तरी आत पोचतं. कधी कधी डोक्याच्या कातडीखाली बारीक डबी बसवून मेंदूभोवतीच्या पाण्यातच ते सोडतात. २००५ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशा ४३ लहान मुलांची हकिगत दिली. रेडिएशन न देता नुसती केमोथेरपी, आणि त्यात हे औषध. ज्यांची गाठ पूर्ण निघाली होती आणि कुठे पसरली नव्हती, त्यांतली दहापैकी नऊच्या वर मुलं पाच वर्षांनी जिवंत होती.

मोठ्या मुलांनाही केमोथेरपी लागते, फक्त वेगळ्या कारणासाठी. तिच्या सोबतीने कमी जोखमीच्या मुलांत रेडिएशनचा डोस ३६ वरून साधारण साडेतेवीसवर आणता आला. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला जास्त दिलं आणि हिच्या लेकीला कमी, असं नव्हतंच ते. त्याला त्याच्या वयाचं आणि हिला हिच्या वयाचं दिलं होतं.

मेंदूची प्रत्येक गाठ औषधाला दाद देते असं मात्र नाही. काही सावकाश वाढणाऱ्या गाठींना केमोथेरपीने नुसतं थोपवून धरतात, पोर मोठं होईपर्यंत. मेंदूच्या देठात होणाऱ्या एका गाठीपुढे तर अजून कुठल्याच केमोथेरपीचं फारसं चालत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून लेकराला रोज सकाळी उलटी होत असेल, डोकं दुखत असेल, चालताना तोल जात असेल, नजर तिरळी व्हायला लागली असेल किंवा तान्ह्याचं डोकं भराभर मोठं होत असेल, तर दृष्ट खुशाल काढा, पण त्याच दिवशी दवाखान्यातही न्या आणि स्कॅन करायचं का ते स्वतः होऊन विचारा.

हे सगळं मी तिला दोन संध्याकाळी बसून सांगितलं. जमेल तसं, माझ्या भाषेत. ते दर सहा तासांचं इंजेक्शन कसलं, हेही सांगितलं. एवढ्या मोठ्या डोसानंतर खोट्या किल्ल्या शरीरात तशाच ठेवल्या तर पोरगीच दगावेल, म्हणून ठरल्या वेळी खरी किल्ली द्यायला सुरुवात करतात. ल्युकोव्होरिन हे फॉलिक ॲसिडच्याच घराण्यातलं. पोटात असताना आईने लाल गोळीतून जे दिलं, तेच आता दर सहा तासांनी सुईतून पोरीला मिळत होतं. तिला हे ऐकून इतकं बरं वाटलं! कारण तिने त्या गोळ्या एकही न चुकवता खाल्ल्या होत्या. तरी तिला शंका होतीच, की गोळ्या खाऊन हे झालं का. नाही गं बाई, म्हटलं. गोळीने नाही, ग्रहणाने नाही, तुझ्या कशानेच नाही. लेकरांच्या बहुतेक गाठींत आईबापाचा काही दोष नसतो.

मग तिने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्या डॉक्टरांच्या बायकोचं पुढे काय झालं?

काय सांगणार! फार्बरची ती सोळा मुलांची हकिगत जूनमध्ये छापून आली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बाराव पर्ल रिव्हरला झोपेतच गेले. हृदयविकाराने. वय अवघं ५३. देश स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष होत होतं. १९९५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. शेषगिरीबाई नवऱ्याला शेवटचं भेटल्या तेव्हा पोटुशा होत्या, एवढंच मी तिला सांगू शकले.

ती बराच वेळ गप्प होती. मांडीवर लेक झोपली होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. मधल्या दीड महिन्यात तिचा नवरा धर्मशाळेत राहून रोज दोन वेळा डबा घेऊन यायचा, रात्री फुटपाथवर बसून काढायचा, हे तिने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

परवा ती दोघं लेकीला घेऊन पुढच्या कोर्ससाठी पुन्हा मुंबईला गेली. लातूरहून रात्रीच्या गाडीने. जाताना वही घेऊन माझ्याकडे आली होती. शेवटच्या पानावर तिने माझ्याकडून सुब्बारावांचं पूर्ण नाव नीट लिहून घेतलं, आणि त्याच्याखाली शेषगिरी असं स्वतःच्या हाताने लिहिलं. पोरीच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस आले होते. ते या खेपेला पुन्हा जाणार, हे तिला माहीत होतं.